मुखवट्याला टेकू कशाचा?

चैत्र-वैशाखात जव्हार, मोखाडा आणि आसपासच्या गावांत बोहाडा रंगतो. संबळ वाजत असतो, मशाली पेटलेल्या असतात आणि गणपती, शारदा यांच्यापासून सुरू झालेली सोंगे एकामागून एक नाचत येतात. देवी आणि महिषासुराचे युद्ध पाहायला पहाटेपर्यंत गर्दी हलत नाही. उत्सव संपला की मुखवटे आपापल्या घरी परत जातात. कुणी ते फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवतात, कुणी भिंतीवरच्या खिळ्याला टांगतात. मग महिन्या-दीड महिन्यात पाऊस येतो.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. इथला पाऊस धोधो आणि पावसाळ्यातली हवा इतकी दमट की मीठ सुटते, पापड मऊ पडतात. मुखवटा कागदाच्या लगद्याचा, खळीचा, कापडाचा आणि रंगाचा. हे सारे पदार्थ हवेतले पाणी शोषतात. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी धरू लागते आणि खळीच्या वासाने झुरळे, कसर, भुंगे येतात. पुढच्या चैत्रात मुखवटा खाली काढला जातो तेव्हा कान तुटलेला असतो, रंगाचे पोपडे निघालेले असतात किंवा खिळ्याच्या जागी भोक मोठे झालेले असते.

असे मुखवटे, तारपे आणि दागिने संग्रहालयातही असतात. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. तिथे काचेआड वस्तू पाहताना आपले लक्ष वस्तूकडे असते, तिच्याखालच्या आधाराकडे नसते. या आधाराला संग्रहालयाच्या भाषेत ‘माउंट’ म्हणतात. तो कशाचा बनवायचा, यावर जगभर गेली शंभर-सव्वाशे वर्षे विचार झाला आहे. त्यातला बराचसा विचार गावातल्या माळ्यावरच्या मुखवट्यालाही लागू पडतो. शिवाय हा प्रश्न वस्तूपुरता राहत नाही. आधार बनवणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसाशी आणि मुखवटा घालून नाचणाऱ्या माणसाच्या प्रकृतीशीही त्याचा संबंध आहे.

लाकडाची आंबट वाफ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील शंख-शिंपल्यांच्या संग्राहकांना एक विचित्र रोग दिसू लागला. सुंदर लाकडी कपाटांत, कापसावर मांडून ठेवलेल्या शिंपल्यांवर पांढरी भुकटी येई आणि हळूहळू शिंपला खाल्ल्यासारखा होई. १८९९ साली बाइन नावाच्या संग्राहकाने याचे वर्णन केले. त्याला यात जंतूंचा हात आहे असे वाटले, म्हणून आजही या प्रकाराला ‘बाइनचा रोग’ म्हणतात. प्रत्यक्षात तो रोग नव्हताच. १९३४ साली निकल्स या रसायनतज्ज्ञाने खरे कारण दाखवून दिले. कपाटाच्या लाकडातून आम्लांची वाफ निघत होती आणि शिंपल्यातला चुना त्या आम्लाशी संयोग पावून क्षार बनत होता. रोग्याला जंतुसंसर्ग समजून औषध देत राहावे आणि कारण त्याच्या खोलीतल्या हवेत निघावे, तसाच हा प्रकार.

लाकूड ही नैसर्गिक वस्तू, म्हणून निरुपद्रवी, अशी आपली समजूत असते. पण लाकडातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल, सतत थोडे थोडे बाहेर पडत असते. ओक या झाडाचे लाकूड यात सर्वांत वाईट, पण सागासकट बहुतेक लाकडे कमी-अधिक आम्ल सोडतात. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की हा डिंक विघटित होतो आणि फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. कोकणपट्टीतल्या आणि घाटमाथ्यावरच्या हवेत दोन्ही गोष्टी भरपूर आहेत. उघड्या खोलीत ही वाफ विरून जाते. काचेच्या बंद पेटीत मात्र ती साठत राहते. तिथे शिसे पांढरे पडते, तांबे-पितळ काळवंडते, कागद पिवळा आणि ठिसूळ होतो.

फॉर्मल्डिहाइड माणसालाही सोडत नाही. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे आणि दमा असलेल्यांना धाप लागणे हे त्याचे नेहमीचे परिणाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला. नव्या फर्निचरचा वास येणाऱ्या बंद खोलीत लगेच राहायला जाऊ नये, असे सांगितले जाते ते याचमुळे.

कोणता पदार्थ वस्तूजवळ ठेवण्यायोग्य आहे हे ओळखण्यासाठी ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली एक साधी चाचणी सुचवली. काचेच्या बंद नळीत तपासायचा पदार्थ, थोडे पाणी आणि चांदी, तांबे, शिसे यांचे घासून लख्ख केलेले तुकडे ठेवायचे. नळी ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायची. शेजारी दुसरी नळी, तिच्यात तो पदार्थ सोडून बाकी सगळे. महिन्यानंतर दोन्ही नळ्यांतले धातू शेजारी ठेवून पाहायचे. पहिल्या नळीतले धातू डागाळले असतील तर पदार्थ नापास. सांध्यात बसवायचा कृत्रिम खुबा किंवा टाके घालायचा दोरा शरीरात वापरण्याआधी तपासतात, त्यामागचा विचार हाच आहे. जी वस्तू वर्षानुवर्षे दुसऱ्या वस्तूला चिकटून राहणार, ती शांत स्वभावाची हवी.

काय चालते, काय नाही

या कसोटीवर रोजच्या वापरातले अनेक पदार्थ नापास होतात. लोकरीच्या फेल्टमधून आणि रबरातून गंधकाची संयुगे निघतात, त्याने चांदी काळी पडते. आदिवासी स्त्रियांचे चांदीचे जुने दागिने रबरबँड लावून ठेवले तर बँडच्या जागी काळी रेघ उमटते ती याच कारणाने. पीव्हीसीच्या चादरी आणि नळ्या कालांतराने हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात. त्यांना मऊ करणारे तेलकट पदार्थ बाहेर झिरपतात आणि वस्तूला चिकटपणा येतो. गादीतला पिवळा पडणारा स्पंज, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, काही वर्षांत भुगा होऊन गळतो. पांढऱ्या डिंकातून ॲसेटिक आम्ल निघते. काच बसवायला वापरतात त्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तोही आम्लच सोडतो आहे. वास नसलेले ‘न्यूट्रल’ सिलिकॉन वेगळे मिळते.

पास होणाऱ्यांची यादी लहान, पण आवाक्यातली आहे. पॉलिथिलीनचा बंद छिद्रांचा फोम हा संग्रहालयातला सर्वांत विश्वासू कामगार. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यातून निघणारा मऊ पांढरा फोम बहुधा याच जातीचा असतो, मात्र त्यात आणखी काही मिसळले आहे का याची खात्री नसते. ॲक्रिलिकची पारदर्शक पाने, पॉलिएस्टरची फिल्म, पॉलिएस्टरचे फेल्ट, आम्लरहित कागद आणि खळ काढलेले मांजरपाट हे बाकीचे. मांजरपाट नवे असताना त्यात खळ असते आणि खळ म्हणजे कसरीला मेजवानी. म्हणून ते गरम पाण्यात दोन-तीनदा धुवून, कडक उन्हात वाळवून मगच वापरायचे. जड वस्तूसाठी पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची सळई वस्तूच्या आकाराप्रमाणे वाकवतात आणि जिथे ती वस्तूला टेकते तिथे मऊ अस्तर देतात.

वजन वाटून द्यावे

पदार्थ योग्य असला तरी आधार चुकीच्या जागी असेल तर उपयोग नाही. दोन किलोचा मुखवटा एका खिळ्याला टांगला आणि खिळा ०.२ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकला, तर तिथे दर चौरस सेंटिमीटरला १० किलोचा दाब पडतो. तोच मुखवटा आतून २०० चौरस सेंटिमीटरच्या मऊ उशीवर विसावला तर दाब १० ग्रॅमवर येतो, म्हणजे हजारपट कमी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कुशीवर वळवतात, टाचेखाली उशी देतात, प्लास्टर घालताना हाडाच्या उंचवट्यावर कापूस जास्त ठेवतात. शय्याव्रण टाळायचे गणित आणि मुखवट्याचे गणित वेगळे नाही. फरक इतकाच की कातडी दुखल्याचे सांगते. कागदाचा लगदा सांगत नाही आणि बरा होत नाही.

रावणाच्या दहा तोंडांच्या मुखवट्याला तर दोन्ही बाजूंना भार असतो. मधोमध टांगल्यास बाजूची तोंडे वर्षभर खाली ओढली जातात आणि जोड उकलतात. त्याला दोन्ही बाजूंनी खालून आधार लागतो. तारप्याचे आणखी वेगळे. भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा कर्णा आणि जोडाला मेण, असे चार स्वभावांचे पदार्थ एकत्र. तो आडवा ठेवला की कर्णा चपटा होतो, दिव्याच्या उष्णतेत ठेवला की मेण मऊ पडते. भोपळ्याखाली एक आणि कर्ण्याखाली एक असे दोन स्वतंत्र टेकू दिले तर कोणत्याच जोडावर ताण येत नाही.

आधार बनवणाऱ्याची छाती

हे काम करणारे लोक बहुधा सुतार, पितळकाम करणारे किंवा ॲक्रिलिकच्या पाट्या बनवणारे कारागीर असतात. वस्तूच्या प्रकृतीची चर्चा होते, त्यांच्या प्रकृतीची होत नाही.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. पितळ फार तापवले की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेल्यावर चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते. याला धातुधुराचा ज्वर म्हणता येईल. एक-दोन दिवसांत तो आपोआप उतरतो. पालघरसारख्या हिवतापाच्या पट्ट्यात असा रुग्ण आला की रक्ताची काच काढलीच पाहिजे. पण अहवाल निर्दोष आला तर ‘काल काय काम केले?’ हा प्रश्न विचारायला हवा. रुग्णानेही तो न विचारता सांगायला हवा.

याहून घातक धूर कॅडमियमचा. चांदीचा डाग देताना तो लवकर वितळावा म्हणून काही मिश्रणांत कॅडमियम घालतात. सोन्याच्या बाबतीत ‘केडीएम’ हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, तो याच कॅडमियमवरून आला. त्याच्या धुराने कारागिरांना होणारी इजा हे ती पद्धत मागे पडण्याचे मोठे कारण. या धुराची सुरुवातही साध्या तापासारखी होते, पण ताप उतरण्याऐवजी एक ते तीन दिवसांत धाप वाढत जाते. फुप्फुसात पाणी भरून माणूस दगावू शकतो. म्हणून डागाचे मिश्रण कॅडमियमविरहित आहे हे विकत घेतानाच विचारावे आणि काम मोकळ्या हवेत, पंखा पाठीमागून बाजूला वाहील असा ठेवून करावे.

ॲक्रिलिकचे तुकडे चिकटवायला पुष्कळ दुकानांत क्लोरोफॉर्म वापरतात. एके काळी भूल देण्यासाठी वापरले जाणारे हे रसायन यकृताला आणि हृदयाच्या ठोक्यांना धोका पोहोचवते म्हणूनच वैद्यकातून गेले. बंद गाळ्यात, जेवणाच्या डब्याशेजारी त्याची उघडी बाटली असू नये. पीव्हीसीची पाने लेझरने कापू नयेत, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. एमडीएफ कापताना निघणारी धूळ डोळ्यांना दिसते त्याहून बारीक असते. साधा रुमाल ती अडवत नाही, एन-९५ मुखपट्टी लागते.

किडीचे औषध आणि नाचणारा माणूस

बोहाड्याचा मुखवटा आणि संग्रहालयातली मूर्ती यांत एक मोठा फरक आहे. मुखवटा पुन्हा चेहऱ्यावर चढतो. सोंग घेणारा माणूस तो बांधून नाचतो, घामाघूम होतो, जोरजोरात श्वास घेतो. मुखवट्याच्या आतल्या बाजूला जे काही लावले असेल ते त्याच्या ओल्या कातडीला आणि फुप्फुसाला मिळते.

हा धोका काल्पनिक नाही. अठराव्या शतकात फ्रान्समधील बेकूर याने पक्ष्यांची कातडी टिकवण्यासाठी आर्सेनिकयुक्त साबण शोधला. पुढे दीडशे-दोनशे वर्षे जगभरच्या संग्रहालयांनी आर्सेनिक, पाऱ्याचे क्षार आणि नंतर डीडीटी सढळ हाताने वापरले. अमेरिकेत १९९० साली कायदा झाला आणि संग्रहालयांनी मूलनिवासी जमातींच्या पवित्र वस्तू परत द्यायला सुरुवात केली. होपी लोकांना परत मिळालेल्या काही वस्तूंत आर्सेनिक आढळले. त्यांच्या दृष्टीने त्या काचेत ठेवायच्या वस्तू नव्हत्या. त्या विधीत वापरायच्या, अंगावर घ्यायच्या होत्या. जपण्यासाठी केलेल्या उपायानेच त्या वापरण्याजोग्या राहिल्या नव्हत्या.

आपल्याकडे माळ्यावरच्या वस्तूंवर सहज टाकली जाणारी गोष्ट म्हणजे शेतातली किंवा गोठ्यातली पावडर. घरात जुन्या डब्यात लिंडेन, म्हणजे गॅमेक्सिन, उरलेले असू शकते. भारतात २०१३ पासून त्याच्या वापरावर बंदी आहे आणि २०१५ साली ते कर्करोगकारक ठरवले गेले. वाळवीसाठी मिळणारे क्लोरपायरीफॉस हे पिकावरच्या विषारी औषधांच्याच कुळातले आहे. असे काही मुखवट्याच्या आत कधीही मारू नये. पूर्वी मारले असेल तर तो मुखवटा चेहऱ्यावर बांधू नये, नाचासाठी नवा घडवावा.

दुसरी गोष्ट डांबरगोळ्यांची. त्यातल्या नॅफ्थलीनची वाफ बहुतेकांना फक्त डोकेदुखी देते. पण काही जणांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असते. अशा माणसाच्या रक्तपेशी नॅफ्थलीनमुळे फुटू लागतात. लघवी चहासारखी काळपट होते, डोळे पिवळे पडतात, रक्त झपाट्याने कमी होते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुलग्यांत जास्त दिसतो. देशातील काही आदिवासी समाजांत ही कमतरता अधिक प्रमाणात आढळली आहे. याच समाजांत सिकलसेल आणि कुपोषणामुळे आधीच रक्त कमी असलेली मुले असतात. डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी न धुता, ऊन न दाखवता नवजात बाळाला गुंडाळल्याने तीव्र कावीळ होऊन मेंदूला इजा झाल्याचे वैद्यकाने नोंदवले आहे. ज्या घरात तान्हे मूल आहे तिथे मुखवट्यासाठीसुद्धा डांबरगोळ्या ठेवू नयेत. कापूर मुलांच्या पोटात गेला तर फिट येऊ शकते, म्हणून तोही हाताशी नको.

ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांतही फरक आहे. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, ते आरोग्याला अपायकारक आहे. नारिंगी दाणे घ्यावेत. पुडी उघड्या खोलीत ठेवून काही साधत नाही, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यातच तिचा उपयोग.

घरी आणि गावात काय करता येईल

बोहाडा संपल्यावर मुखवटा दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर सुकू द्यावा. घामाचा ओलावा आत राहिला तर बुरशीची सुरुवात तिथूनच होते. कडक उन्हात ठेवू नये, रंग तडकतो. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी. बुरशी दिसत असेल तर हे काम घराबाहेर, एन-९५ लावून करावे आणि दम्याच्या रुग्णाने करू नये. सुटलेला जुना रंग घासून काढू नये. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसे कितीही असू शकते आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूला हानिकारक असते.

आधारासाठी पॉलिथिलीन फोमच्या चकत्या एकावर एक रचून मुखवट्याच्या आतल्या पोकळीएवढा गोळा करावा. त्यावर धुतलेल्या मांजरपाटाची खोळ शिवावी. डिंक वापरू नये, दोऱ्याने टाके घालावेत. मुखवटा या गोळ्यावर अलगद बसला पाहिजे, दाबून बसवावा लागत असेल तर गोळा मोठा झाला आहे. नाक, कान, मुकुट यांवर भार येऊ नये. जमिनीपासून हातभर उंच फळीवर आणि भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावा म्हणजे मागून हवा खेळती राहील आणि भिंतीची ओल चढणार नाही. वरून धुतलेल्या सुती कापडाचे झाकण घालावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये, आत ओलावा अडकतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाहावे. खाली बारीक भुगा पडलेला दिसला की भुंगा लागला आहे.

लहान वस्तूला कीड लागली असेल तर ती दोन थरांच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशाच्या शीतकपाटात आठवडा-दोन आठवडे ठेवणे हा विषाविना उपाय आहे. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. जाड रंगाच्या किंवा मेणाच्या वस्तूला थंडीने तडे जाऊ शकतात, म्हणून तिथे आधी संग्रहालयातील जतनतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा पर्यटकांसाठीच्या दालनात मुखवटे मांडायचे असतील तर पेटी बनवण्याआधी प्लायवूड, डिंक आणि रंग यांची निवड तपासावी. पेटी तयार झाल्यावर तीन-चार आठवडे उघडी ठेवून वास पूर्ण जाऊ द्यावा. आत घासलेला चांदीचा आणि तांब्याचा छोटा तुकडा ठेवला तर पेटीतली हवा बिघडते आहे का, हे तो वस्तूच्या आधी सांगेल. आणि ज्या घराण्याचा मुखवटा आहे त्यांना तो पुढच्या बोहाड्याला हवा असेल, तर त्यावर कोणतेही औषध मारायचे नाही, हे मांडणी करणाऱ्याशी आधीच ठरवून घ्यावे.